खाऱ्या पाण्यात किनाऱ्यालगत ल्यूरने गरवायचं आहे: पहिला रॉड आणि रीळ कोणतं घ्यावं?

नवा_गरीवाला

नमस्कार मंडळी. आजवर तळ्यावर काठी, तंगूस आणि बोया एवढ्यावरच भागवलं. आता खाडी, धक्का, जमल्यास किनाऱ्याजवळची छोटी होडी इथून ल्यूरने, म्हणजे गळ लावलेल्या नकली आमिषाने, मासे पकडायचे आहेत. खोल समुद्राचा विचार नाही.

चार दिवस वाचतोय आणि गोंधळ वाढतोय. मिडियम, मिडियम हेवी, फास्ट, २५००, ४०००, ६.२:१, बारा बेअरिंग, पीई १.५... प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतो. संच एकच घेणार आहे, तेव्हा तो काही वर्षं टिकला पाहिजे. रॉड किती फुटी? रीळ कितीचं? आणि पैसे रॉडवर जास्त घालावेत की रिळावर? बजेट विचारू नका, प्रमाण सांगा.

ओहोटीवाला

प्रश्न तिन्ही बरोबर, क्रम उलटा. रॉड-रीळ बाजूला ठेवा आणि आधी हे ठरवा, की लाईनच्या टोकाला किती ग्रॅमची वस्तू बांधून फेकणार आहात. एकदा ते ठरलं की उरलेलं बरचसं आपोआप ठरतं.

खाडीत आणि धक्क्यावर जे चालतं, म्हणजे जिगहेडवर (शिशाचं डोकं असलेल्या गळावर) चढवलेले रबरी मासे, बोटभर ते वीतभर लांबीचे मिनो (कडक नकली मासे), लहान पॉपर (पाण्यावर उडवायचं ल्यूर), धातूचे चमचे, ते बहुतेक ७ ते २८ ग्रॅममध्ये बसतं. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरात ही वजनाची मर्यादा छापलेली असते. औंसात असेल तर पाव ते एक औंस बघा. दुकानात सगळ्यात आधी हा आकडा वाचायचा. 'मिडियम', 'मिडियम हेवी' हे शब्द प्रत्येक कंपनी आपल्या मनाने लावते, त्याला सामाईक मोजमाप नाही. एकाचा मिडियम दुसऱ्याच्या मिडियम हेवीइतका ताठ निघू शकतो. ग्रॅम मात्र सगळीकडे ग्रॅमच.

मर्यादेतही मधला भाग रॉडला मानवतो. ७-२८ लिहिलेला रॉड १० ते २० ग्रॅमला सगळ्यात सुखाने फेकतो. सात ग्रॅमला तो नीट वाकतच नाही, अठ्ठावीसला कण्हतो.

पॉवर आणि ॲक्शन यांत गल्लत होते म्हणून सांगतो. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट म्हणजे वरचा साधारण तिसरा हिस्सा वाकतो आणि खालचा ताठ राहतो. मॉडरेट असेल तर वाक मध्यापर्यंत येतो. जिगहेड तळावर टुकटुक उडवत आणायचं असेल तर फास्ट हवा, कारण टोकाचा झटका थेट ल्यूरपर्यंत पोचतो आणि मासा जोरात ओढून न जाता नुसता चोखत असेल तरी हाताला कळतं. तिहेरी गळांच्या ल्यूरला थोडा मऊ रॉड बरा, कारण ते गळ बारीक असतात आणि ताठ रॉडने ओढल्यावर तोंडातून निसटतात. एकच घ्यायचा म्हणता, तर फास्ट घ्या.

लांबी ७ फूट, म्हणजे २.१ मीटर. होडीत जड जात नाही आणि धक्क्यावरून पुरतो. बहुतेक वेळ खडकांवर उभं राहायचं असेल तर ८ फुटी, म्हणजे लाईन पुढच्या खडकांवर घासत नाही. वाळूवरून लाटांपलीकडे जड शिसं फेकायचं असेल तर १०-१२ फुटी रॉड लागतो, पण तो निराळाच प्रकार. एका रॉडमध्ये दोन्ही बसवायला जाऊ नका.

खारा_वारा

ओहोटीवाल्यांना अनुमोदन. रिळाचं मी सांगतो.

वर सांगितलेल्या रॉडला २५०० ते ४००० च्या दरम्यानचं स्पिनिंग रीळ, म्हणजे रॉडच्या खाली बसणारं. मधला ३००० बहुतेकांना जमतो. पण आकड्यावर डोळे झाकून जाऊ नका, इथेही प्रत्येकाचं माप वेगळं. शिमानोच्या नावात ३००० च्या आधी 'सी' असेल तर अंग २५०० चं आणि त्यावर स्पूल, म्हणजे लाईन गुंडाळायची चकरी, ३००० चं. खरी परीक्षा दोन गोष्टींची: स्पूलवर पीई १.५ जाडीची निदान २०० मीटर लाईन मावते का, आणि वजन किती. २०० ते ३०० ग्रॅमचं रीळ ७ फुटी रॉडवर दिवसभर हातात राहतं. त्याहून जड घेतलं तर संध्याकाळपर्यंत मनगट बोलायला लागतं.

गिअर रेशोचं (तो ६.२:१ वगैरे आकडा) फार मनावर घेऊ नका. हँडलच्या एका फेरीत किती लाईन गोळा होते तो आकडा बघा. ७० ते १०० सेंटिमीटर असला की खाडीतलं सगळं काम होतं. जास्त हवाच असेल तर एवढ्यासाठी की मासा तुमच्याकडेच पळत आला तर लाईन सैल पडत नाही.

पैशाचं प्रमाण: निम्म्याहून थोडे जास्त रिळावर, उरलेले रॉड आणि लाईनवर. रॉडमध्ये हलणारा भाग नसतो, मीठ त्याचं फारसं बिघडवत नाही, फक्त गाईडच्या, म्हणजे लाईन ओवायच्या कड्यांच्या, पायांवर नजर ठेवावी लागते. रिळात मात्र ॲल्युमिनियम, स्टील, पितळ सगळं एकत्र असतं. वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात भिजले की त्यातला कमजोर धातू झपाट्याने झिजतो. पांढरी पूड दिसू लागली की समजा आत काम सुरू झालंय. गोड्या पाण्यासाठी बनवलेलं स्वस्त रीळ खाडीवर नेऊन ठेवलं तर एका हंगामात घरघरायला लागतं ते याच्यामुळे.

नवा_गरीवाला

दोघांचे आभार. एक रीळ बघितलं, त्यावर बारा बेअरिंग आणि बारा किलो ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाईन अडवत सोडणारा ब्रेक) लिहिलंय. दुसऱ्या नामांकित कंपनीच्या त्याच मापाच्या रिळावर पाच बेअरिंग आणि नऊ किलो. पहिलं स्वस्तही आहे. मग तेच घ्यावं ना?

खारा_वारा

नाही. आकडेमोड करून बघा.

तुम्ही १५ पौंडी लाईन वापरणार समजा. ते झाले साधारण ६.८ किलो. ड्रॅग लाईनच्या ताकदीच्या पाव ते तीस टक्के ठेवायचा असतो, कारण गाठीला लाईन कमजोर होते, मासा झटका देतो आणि रॉड वाकला की गाईडवर घर्षण वाढतं. म्हणजे तुमचा ड्रॅग पावणेदोन ते दोन किलोला लावला जाणार. शिवाय लाईन जशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा व्यास घटतो आणि तोच ड्रॅग आणखी घट्ट भासतो. तेव्हा खोक्यावर छापलेलं बारा किलो तुमच्या काय कामाचं? ड्रॅगमध्ये ताकद नव्हे, सुरुवात बघायची. मासा पळायला लागतो त्या क्षणी स्पूल अडखळता कामा नये. लाईन ओवून, ड्रॅग मध्यम लावून हाताने सावकाश ओढा. सलग सुटली तर चांगला. थांबत थांबत, धक्के देत सुटली तर छापलेला आकडा कितीही असो, रीळ खाली ठेवा.

घरी सामान तोलायचा काट्याचा हुक लाईनला लावा, रॉड तिरका धरा, ओढा आणि स्पूल फिरू लागताना काटा किती दाखवतो ते बघा. एकदा दोन किलोचा अंदाज हाताला बसला की पुढे काट्याची गरज पडत नाही.

बेअरिंगचंही तसंच. बारा साधे बेअरिंग म्हणजे गंजायला बारा जागा. त्यातलं सर्वात महत्त्वाचं एक, लाईन रोलरमधलं. बेलच्या (लाईन स्पूलवर घेणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाशी जी छोटी चकती फिरते तिच्यात. ती सगळ्यात आधी मिठाने अडकते, मग लाईन तिच्यावर घासत जाते आणि पिळा पडतो. घेताना ती बोटाने फिरवून बघाच.

तंगूसप्रेमी

सगळे ब्रेडेडच, म्हणजे विणलेली लाईनच, गृहीत धरून चाललेत. नवख्याला साधं नायलॉन द्या हो! गुंता कमी, गाठ सोपी, खडकावर घासलं तरी ब्रेडेडसारखं क्षणात तुटत नाही. आणि लांबतं, त्यामुळे गळ रोवायची घाई केली तरी तोंड फाटत नाही.

ओहोटीवाला

तुमचे सगळे मुद्दे खरे आहेत, आणि तरीही मी ब्रेडेडच म्हणेन. २० पौंडी नायलॉन साधारण ०.४ मिलिमीटर जाड असतं. तेवढ्याच ताकदीची ब्रेडेड त्याच्या निम्म्याच्या आसपास. पीई हा जाडीचा आकडा आहे, १ म्हणजे ०.१६५ मिमी, १.५ म्हणजे ०.२ मिमीच्या आसपास. बारीक लाईन हवा आणि पाणी कमी धरते, त्यामुळे दहा ग्रॅमचं ल्यूर लांब जातं आणि प्रवाहात लाईनला पोट येत नाही. नायलॉनने वीस-तीस मीटरवरचा हलका ठोसा हातापर्यंत यायच्या आत ताणात विरून जातो. ज्याला अजून ठोसा ओळखायचाच आहे, त्याच्याकडून ती संधी का काढून घ्यायची?

खडकाचा मुद्दा लीडरने, म्हणजे ल्यूरआधी जोडलेल्या वेगळ्या जाड लाईनच्या तुकड्याने, सुटतो. पुढे २० ते ३० पौंडी फ्लुरोकार्बन लावायचाच. जिताड्याच्या गालाची कड पात्यासारखी धारदार असते, ती ब्रेडेड सहज कापते, आणि कालवांची कवचं तर विचारूच नका.

स्पूलवर मात्र तळाला नायलॉनचे काही वेढे गुंडाळा. ब्रेडेड गुळगुळीत असते, नुसती बांधली तर आख्खा गुंडा स्पूलवर घसरत फिरतो आणि माणूस ड्रॅग बिघडला म्हणून कंपनीला शिव्या घालतो.

तंगूसप्रेमी

बरं, नायलॉन तळाला तरी आलं, एवढ्यावर समाधान मानतो.

शिंपली

बायकांच्या आणि लहान हातांच्या बाजूने कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. रॉड आणि रीळ वेगवेगळं बघून घेऊ नका. रीळ रॉडवर चढवून, हातात ज्या पद्धतीने धरणार त्याच पद्धतीने धरून बघा. रिळाचा पाय दोन बोटांच्या मधे येतो. तो जाड असेल तर लहान हाताची तर्जनी स्पूलच्या कडेपर्यंत पोचत नाही, आणि फेकताना लाईन अडवायची ती तर्जनीनेच. हा मुद्दा कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

मग तोल. एका बोटावर रॉड आडवा ठेवला की तो रिळाच्या पायाशी किंवा किंचित पुढे तोलला पाहिजे. टोक सारखं खाली पडत असेल तर ल्यूर नाचवताना मनगटावर भार येतो. मूठ ओल्या हाताने धरायची असते. कॉर्क देखणा दिसतो, पण माशाचा चिकटा आणि वाळू यांत फोमची मूठ धुवायला सोपी जाते.

गाईड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी न्या. प्रत्येक कड्यातून आतून फिरवा. कापसाचा धागा अडकला की तिथे चीर आहे, आणि ती चीर ब्रेडेड खाऊन टाकणार. कड्यातली अस्तराची चकती ॲल्युमिनियम ऑक्साइडची असली तरी चालते, सिलिकॉन कार्बाइडची असली तर उत्तम. कडं बसवलेल्या पायावर, दोऱ्याच्या गुंडाळीच्या कडेला तांबूस डाग असेल तर नवा रॉड असला तरी घेऊ नका.

हँडल डावीकडे-उजवीकडे करता येतं ते विसरू नका. स्पिनिंग रिळात बहुतेक ठिकाणी ही सोय असते. उजव्या हाताने फेकत असाल तर हँडल डावीकडे, म्हणजे फेकल्यावर हात बदलावा लागत नाही.

थेट_निशाणा

मी वेगळं बोलणार. बेटकास्टर, म्हणजे रॉडच्या वर बसणारं, फेकताना स्पूल फिरणारं रीळ घ्या! अंगठ्याने स्पूलवर ताबा, झाडाच्या मुळांच्या बरोबर बुडाशी ल्यूर उतरवता येतं, आणि जाड लाईनही चालते. स्पिनिंग हे पोरांचं.

खारा_वारा

निशाण्याबद्दल वाद नाही. पण समोरून वारा आला, ल्यूर हवेत मंदावलं आणि स्पूल तसंच फिरत राहिलं की होणारा गोळा नवख्याला पाण्याऐवजी दगडावर बसून सोडवावा लागतो. शिवाय १० ग्रॅमखालची वस्तू साध्या बेटकास्टरने नीट जात नाही. धागाकर्ते पहिला संच विचारत आहेत. दुसरा घेतील तेव्हा आपण दोघं मिळून सांगू.

थेट_निशाणा

मान्य, पण अंगठा आयुष्यभर रिकामाच राहतो बघा.

नवा_गरीवाला

धागा चांगलाच रंगलाय. मनात ७ फुटी, ७-२८ ग्रॅम, फास्ट आणि ३००० पक्कं होत आलंय. दोन शंका. वापरलेलं चांगल्या कंपनीचं रीळ मिळतंय, घ्यावं का? आणि 'सीलबंद' रिळावर जास्त खर्च करावा का?

जुना_धक्का

वापरलेला रॉड डोळे उघडे ठेवून जरूर घ्यावा. वापरलेलं रीळ घ्यायचं तर चार जागी हात लावा. हँडल धरून पुढे-मागे हलवा. ढिलेपणा फार असेल तर गिअर झिजलेत. रोटर (बेल धरून स्पूलभोवती फिरणारा भाग) हाताने उलटा फिरवायचा प्रयत्न करा. जागच्या जागी थांबायला हवा. थोडा मागे जाऊन थांबत असेल तर उलट फिरणं रोखणाऱ्या बेअरिंगमध्ये गंज किंवा नको तितकं ग्रीस आहे, आणि हे नेमकं गळ रोवताना दगा देतं. बेल उघडझाप करून स्प्रिंग बघा. स्पूल काढून मधल्या दांड्यावर पांढरे-हिरवे डाग आहेत का ते बघा. चारांत एकही खटकलं तर नवीन घ्या.

सीलबद्दल. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याची धार सहन करतं, ८ म्हणजे ठरलेल्या खोलीवर ठरलेला वेळ बुडून राहिलं तरी चालतं. पण ही चाचणी गोड्या पाण्यात होते आणि नव्या रिळावर होते. खडकांवर लाटा अंगावर येणार असतील, रीळ वाळूत पडणार असेल, तर सील असावं. धक्क्यावर उभं राहून करायचं असेल तर साध्या, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या रिळावर आणि धुण्याच्या सवयीवर भागतं. दायवाच्या मॅगसील्ड रिळांत फटीपाशी चुंबकाने धरून ठेवलेलं तेल असतं, पाणी तिथेच अडतं. कल्पना झकास, मात्र त्या जागी घरचं तेल सोडलं की तो अडसर पातळ होतो. ते रीळ घरी उघडणाऱ्यांसाठी नाही. मला स्वतःला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसायला आवडतं, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

धुण्याबद्दल बहुतेक जण एक गोष्ट उलटी करतात: जोराचा फवारा मारतात. त्याने बाहेरचं मीठ आत ढकललं जातं. ड्रॅगची चकती आधी घट्ट करा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जात नाही. मग हलक्या धारेने किंवा पाणी शिंपडून, हँडल फिरवत धुवा. बादलीत बुडवू नका. पुसा, सावलीत वाळवा आणि ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. दाबून ठेवलेले वॉशर चपटे होतात आणि ड्रॅग अडखळतो. लाईन रोलरला आणि हँडलच्या मुठीला अधूनमधून एकेक थेंब तेल. रॉडची कडीही धुवायची, मीठ वाळून तिथे बसतं.

लाटांवरचा

वाचनखूण साठवली. एक भर. रॉड मोडतात ते माशाशी झुंजताना कमी, इतर वेळी जास्त. गाडीचं दार, छताचा पंखा, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मासा पायाशी आल्यावर रॉड सरळ उभा करून वर उचलणं. तसं केलं की सगळा भार टोकाच्या वीतभर भागावर येतो आणि तिथे रॉडचा कार्बन काडीसारखा मोडतो. रॉड आडव्याच्या थोडा वर ठेवा, मासा जाळीने उचला.

आणि कार्बन वीज वाहतो. ढगांचा गडगडाट झाला की रॉड खाली ठेवून निघायचं. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे फेकायचं नाही.

दोन तुकड्यांचा रॉड घ्यायला घाबरू नका. पूर्वी सांध्यापाशी मेलेला वाटायचा, आता फरक हाताला फारसा जाणवत नाही. फक्त दर थोड्या वेळाने सांधा घट्ट आहे ना ते बघा, नाहीतर फेकताना पुढचा अर्धा भाग ल्यूरच्या मागोमाग जातो.

नवा_गरीवाला

दोन तुकड्यांचाच घेतो, बसने जावं लागतं. शेवटचं विचारतो. लीडर किती लांब आणि गाठ कुठली?

ओहोटीवाला

सुरुवातीला डबल युनी. पाच मिनिटांत शिकता येते, ओल्या हातांनीही बसते. ती थोडी फुगीर असते, म्हणून फेकताना ती वरच्या कड्याच्या बाहेर राहील एवढाच, हातभर लीडर ठेवा. पुढे एफजी शिका. तिच्यात ब्रेडेड लीडरभोवती विणली जाते, त्यामुळे ती सपाट राहते आणि कड्यांतून सुळकन जाते. मग लीडर दीड मीटरही चालतो. कुठलीही गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली तर फ्लुरोकार्बन घर्षणाने तापून तिथेच कच्चा होतो.

स्पूल काठोकाठ भरू नका, कडेपासून २ मिलिमीटर खाली ठेवा. आणि फेकल्यावर बेल हँडल फिरवून नव्हे, हाताने बंद करा, मग लाईनला एक ओढ द्या. ब्रेडेडचे बहुतेक गुंते सैल वेटोळं स्पूलवर गेल्याने होतात.

शिंपली

हातभर लीडर मला कमी वाटतो. खडकाळ तळ असेल तर मासा खाली शिरला की ब्रेडेड घासणारच. डबल युनी असली तरी मी मीटरभर ठेवते, गाठ एक-दोन कड्यांच्या आत येते, फेक थोडी आखूड जाते, चालतं.

ओहोटीवाला

खडकाळ तळावर तुमचं बरोबर. मात्र नवख्याने जोरात फेकलं आणि फुगीर गाठ कड्यावर आपटली की नेमकी तिथेच लाईन तुटते, ल्यूर एकटंच पुढे जातं. एफजी येईपर्यंत वाळूच्या किंवा चिखलाच्या तळावर सराव करावा, तिथे हातभर पुरतो. आणि हो, लांब तोंडाची पक्कड त्याच दिवशी घ्या. तिहेरी गळ असलेला तडफडणारा मासा बोटांनी सोडवायला जाऊ नका.